नाशिकहून मनाली: गाडी कशी न्यायची, कुठे राहायचं, कधी नुसतं बसायचं

नाशिकमध्ये गाडीवेड्यांना तोटा नाही. पावसाळा सुरू झाला की त्र्यंबक रोड, इगतपुरी, भंडारदरा, सापुतारा सगळीकडे आपलेच लोक दिसतात. यातल्या बहुतेकांच्या मनात मनाली कधीची घर करून असते. घोडं अडतं ते साध्या प्रश्नांवर. गाडी रेल्वेत कशी टाकायची? तिथे भाड्याने घेतली तर फसवणार नाहीत ना? कागद कोणते लागतात? मुक्काम कुठे करायचा? या प्रश्नांची उत्तरं मला तुकड्यातुकड्यांत, दहा जणांना विचारून मिळाली. तुमची ती पायपीट वाचावी म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितो आहे.

माझा एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो, कारण खालचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे. आपल्याकडचे लोक मनालीत दोन प्रकारे जातात. एक तर दोन दिवसांत हिडिंबा, सोलंग, रोहतांग, मॉल रोड उरकून परततात. नाहीतर लेहच्या वाटेवर एक रात्र पाठ टेकायला थांबतात. दोन्हींत मनाली बघायची राहून जाते. तुम्ही आठ-दहा दिवस काढा, एकाच गावात मुक्काम ठोका, एक दिवस गाडी काढा आणि दुसऱ्या दिवशी ती अंगणात उभी ठेवा. हे जमणार नसेल, हाताशी चारच दिवस असतील, तर मोटरसायकलचा घाट घालू नका. बसने जा, मजेत राहून या.

१. आधी महिना ठरवा

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत रस्ते बहुतेक उघडे असतात, वर बर्फही मिळतं. पण मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्ट्या आणि तिकडे दिल्ली-पंजाबात उन्हाळा, त्यामुळे मनालीच्या रस्त्यांवर तासन्‌तास गाड्या तुंबतात. गर्दीचा तिटकारा असेल तर मे टाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आपल्याला पावसात गाडी चालवायची सवय आहे म्हणून आपण या गोष्टीकडे हलक्यात बघतो. पण सह्याद्रीतला पाऊस वेगळा आणि तिथला वेगळा. मंडी ते कुल्लू या पट्ट्यात डोंगर ठिसूळ आहे, दरडी कोसळतात आणि रस्ता बियास नदीला अगदी चिकटून जातो. जुलै २०२३ च्या पुरात नदीने रस्त्याचे लांबच लांब तुकडे गिळले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्येही मनालीच्या आसपास तेच झालं. अशा वेळी माणूस दिवसचे दिवस अडकून पडतो.

माझी पसंती सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला, हवा स्वच्छ, सफरचंदांची तोडणी आटोपत आलेली, खोल्या सहज मिळतात. शिवाय कुल्लूचा दसरा आपल्या विजयादशमीला सुरू होतो आणि पुढे आठवडाभर चालतो. गावोगावच्या देवता पालख्यांतून ढालपूर मैदानावर येतात. तारखा जुळत असतील तर एक दिवस त्यासाठी राखून ठेवाच.

डिसेंबर ते मार्च दुचाकीचं काम नाही. पहाटेच्या थंडीत रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, तो डोळ्यांना दिसतही नाही.

२. गाडी स्वतःची की तिथली?

तीन पर्याय आहेत. नाशिकहून थेट चालवत जाणं, गाडी रेल्वेने दिल्लीपर्यंत पाठवणं, किंवा हात हलवत जाऊन मनालीत भाड्याने घेणं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तिसरा पर्याय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिक ते मनाली अंतर साधारण पावणेदोन हजार किलोमीटर आहे, आणि त्यातले पहिले चौदाशे सपाटीवरचे. डोंगर यायच्या आधीच अंग आंबून जातं आणि रजेचे चार-पाच दिवस एका बाजूला खर्ची पडतात. स्वतःची गाडी न्यायची ती तीन आठवडे हाताशी असतील तेव्हा, किंवा स्वतःच्या गाडीशिवाय चैनच पडत नसेल तेव्हा. तसं असणारे लोक मी ओळखतो, त्यांना समजावण्यात अर्थ नसतो, म्हणून पुढचे दोन टप्पे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी पाचव्या टप्प्यावर यावं.

३. गाडी रेल्वेने पाठवायची असेल तर

नाशिक रोड स्टेशनवर पार्सल ऑफिस आहे. गाडी दोन प्रकारे बुक होते. तुमचं त्याच रेल्वेचं तिकीट असेल तर ‘लगेज’ म्हणून, तिकीट नसेल तर ‘पार्सल’ म्हणून. लगेज महाग पडतं, पण गाडी तुमच्याच रेल्वेने जावी अशी त्यात अपेक्षा असते. पार्सल स्वस्त, पण ते जागा मिळेल तेव्हा जातं.

‘अपेक्षा असते’ हे शब्द मी विचार करून लिहिले आहेत. नाशिक रोडला दिल्लीकडच्या रेल्वे काही मिनिटंच थांबतात. तेवढ्यात पार्सलचा डबा उघडून, आत जागा असली तर, गाडी चढवायची असते. जागा नसेल तर तुम्ही रेल्वेत आणि गाडी फलाटावर. म्हणून बुकिंगच्या आदल्या दिवशी जाऊन पार्सल क्लार्कला शांतपणे दोन प्रश्न विचारा: कोणत्या रेल्वेत जागा मिळण्याची शक्यता जास्त आहे, आणि नाशिक रोडवरून चढवणं बरं की मनमाडवरून? मनमाड जंक्शन असल्याने तिथून उत्तरेकडच्या आणखी काही रेल्वे मिळतात. पुण्याहून येणारी झेलम तिथूनच अंबाल्याकडे जाते. गाडी अंबाल्याला उतरली तर दिल्लीचं ट्रॅफिक टळतं. नाशिक रोडवरून पंजाब मेल नवी दिल्लीला आणि मंगला निजामुद्दीनला जाते, नाशिककर वर्षानुवर्षं यांनीच जात आले आहेत.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. तळाशी थोडं राहिलं तरी चालतं असं कुणी सांगेल, ऐकू नका. हा आगीचा प्रश्न आहे, सापडलं तर दंड होतो आणि बुकिंगही अडतं. घरून निघतानाच इतकं कमी ठेवा की स्टेशनवर काढायला फार उरणार नाही.

आरसे, मोबाइल होल्डर, सॅडल बॅग, टँक बॅग घरीच काढा. गाडीला लावून पाठवलेली कोणतीही सुटी वस्तू पोचेल असं धरून चालू नका.

पॅकिंग नीट करून घ्या. स्टेशनच्या आसपास हे काम करणारे लोक असतात. ते हँडल, हेडलाइट, टाकी आणि इंडिकेटरभोवती पेंढा किंवा पुठ्ठा लावतात, वरून गोणपाट शिवतात आणि सुतळीने आवळतात. उभं राहून बघा. टाकीच्या दोन्ही बाजू आणि क्लचचा दांडा या तीन ठिकाणी जाड थर हवा, कारण पार्सलच्या डब्यात गाड्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात. लेव्हर वाकला तर दिल्लीत उतरल्या उतरल्या गॅरेज शोधत फिरावं लागतं.

गोणपाटावर जाड मार्करने स्वतःचं नाव, मोबाइल नंबर, कुठून-कुठे हे दोन्ही बाजूंना लिहा. नाशिक रोडचा कोड एनके, नवी दिल्लीचा एनडीएलएस, निजामुद्दीनचा एनझेडएम. ही अक्षरं मोठी काढा, हमालाचं लक्ष आधी त्यांवर जातं.

फॉर्मवर गाडीची किंमत जाहीर करायची सोय असते. त्याचे थोडे जास्त पैसे लागतात. पण किंमत जाहीर न करता गाडीचं नुकसान झालं तर भरपाई नाममात्र मिळते. एवढी लाखा-दोन लाखांची गाडी पाठवताना इथे हात आखडू नका.

पावती जिवापाड जपा आणि तिचा फोटो काढून ठेवा. गाडी पोचल्यावर ठरावीक वेळेत उचलली नाही तर तासांच्या हिशोबाने भाडं चढतं. उतरवून घेताना सही करण्याआधी गोणपाट थोडं उचलून टाकी आणि हेडलाइट बघा. टाकी रिकामी असते हेही लक्षात असू द्या. पार्सल ऑफिसबाहेर पॅकिंग सोडून देणारे लोक थोडं पेट्रोल चढ्या भावाने देतात, नाहीतर पंपापर्यंत ढकलत न्यायची.

आणखी एक. बुलेट किंवा कोणतीही जुनी गाडी १५ वर्षांहून जास्त वयाची असेल तर दिल्लीत तिच्यावर निर्बंध आहेत आणि त्याचे नियम अधूनमधून बदलतात. अशी गाडी दिल्लीत उतरवण्याआधी त्या वेळची स्थिती तपासा.

४. चालवत जायचं असेल तर

द्वारका चौकातून आग्रा रोड धरायचा. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासन घाट चढून सेंधव्याला मध्य प्रदेश. या घाटात उतारावर जड ट्रकांचे ब्रेक जातात, तेव्हा ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. पहिला मुक्काम इंदूर, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पुढे शिवपुरी किंवा ग्वाल्हेर, मग आग्रा-दिल्ली, मग अंबाला, आणि शेवटी बिलासपूर-मंडी करत मनाली.

एक गंमत बघा: आपल्या दारावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता वर्षानुवर्षं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. नव्या क्रमवारीत तो आकडा अटारीहून मनालीमार्गे लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. नाशिककराला जुन्या तीनवरून नव्या तीनवर जायचं असतं.

द्रुतगती मार्गांच्या मोहात पडू नका. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावरही आहे. मॅप मात्र तिकडूनच नेतो, कारण त्याला तुम्ही चारचाकीत आहात असं वाटतं. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. आग्र्यापुढचा यमुना एक्स्प्रेसवे दुचाकीला खुला आहे, तिथे टोल पडतो.

रात्री चालवायचं नाही. सूर्य मावळला की जिथे असाल तिथे खोली घ्यायची, मग ते गाव कितीही कंटाळवाणं असो.

५. कागदपत्रं

हे सगळं मूळ स्वरूपात, त्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये डिजीलॉकर:

- वाहन परवाना. त्यावर गिअरच्या मोटरसायकलची नोंद आहे का ते आत्ता उघडून बघा. फक्त बिनगिअरचा परवाना असलेले कितीतरी लोक बुलेट चालवत असतात.
- आरसी, विमा, पीयूसी (स्वतःची गाडी असेल तर). विम्याची तारीख प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना?
- गाडी भाऊ, वडील किंवा मित्राच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावर सही केलेलं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. पार्सलसाठी तर हे हाताशी हवंच.
- आधार आणि शिवाय आणखी एक ओळखपत्र, मतदार कार्ड असेल तर उत्तम. दुसरं कशाला ते सातव्या टप्प्यात येईल.
- घरच्यांचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी, पाकिटात आणि हेल्मेटच्या अस्तरात.

६. गाडीची आणि अंगाची तयारी

महिनाभर आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. नवे ब्रेक पॅड, नवी केबल यांना रुळायला दीडदोनशे किलोमीटर लागतात आणि काही चुकलं असेल तर ते इथेच कळतं. चेन-स्प्रॉकेट अर्ध्याहून जास्त झिजलं असेल तर बदलूनच निघा. सोबत क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, एक प्लग, प्लगपाना, दोन फ्यूज, पंक्चरचं किट, चेनचं तेल आणि ट्यूबचे टायर असतील तर पुढची-मागची ट्यूब. क्लच केबल मार्गावरच बदलता यायला हवी. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला समोर उभं राहून एकदा काढायला-बसवायला लावा आणि मग ती तुम्ही स्वतः करा.

सराव कुठे करायचा याचं नाशिककराला सुख आहे. नांदुरी ते सप्तशृंग गड हा घाट घ्या, मागे बसणारा माणूस आणि पूर्ण सामान लादून. वळणावर गिअर कमी करून जाता येतं का, उतरताना नुसत्या ब्रेकवर न राहता इंजिनावर गाडी रोखता येते का, चढावर थांबून पुन्हा उचलता येते का? ओल्ड मनालीच्या पुलाजवळचा अरुंद चढ नेमका या तिसऱ्या गोष्टीची परीक्षा घेतो. समोरून टॅक्सी येते, मागे टॅक्सी असते, आणि तुम्ही चढावर पाय टेकून. गडावर हे जमलं की तिथेही जमतं.

कपड्यांचं फार लिहीत नाही. वाऱ्याला अडवणारं जॅकेट, आतून थर्मल, पावसाळी सूट, दोन जोड हातमोजे. जाड स्वेटर इथून नेऊ नका.

७. मनालीत भाड्याने गाडी घेताना

दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून हिमाचल परिवहनची व्होल्वो किंवा मजनू का टीला इथून खासगी बस. रात्री निघून सकाळी मनाली. उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. रात्रभर वळणांवर हेलकावे खाल्लेला माणूस त्या दिवशी चालवायच्या लायकीचा नसतो. झोपा, गावात पायी फिरा, चार दुकानांत भाव विचारा, दुसऱ्या दिवशी गाडी घ्या.

पहिली नजर नंबर प्लेटवर टाका. चालकाशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात देणारे भेटतात. ती खासगी गाडी असते, तिने अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि नाक्यावर पकडलं तर निस्तरायचं तुम्हाला. शंभर-दोनशे रुपयांसाठी हे करू नका.

मग गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, मालकाच्या समोर, प्रत्येक ओरखडा जवळून. टाकी, सायलेन्सर, लेगगार्ड, दोन्ही इंडिकेटर, मीटरवरचा आकडा आणि काटा. टायरची नक्षी बोटाने चाचपून बघा. एक चक्कर मारून पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि हॉर्न तपासा. आरसीची प्रत, विमा, पीयूसी आणि भाड्याचा करार हातात घ्या. करारात दिवस सकाळी किती वाजता संपतो आणि उशिरा आणली तर किती पैसे हे लिहिलेलं असतं, ते वाचा.

दुकानदार अनामत म्हणून एक मूळ ओळखपत्र ठेवून घेतो. तिथे मतदार कार्ड द्या. परवाना आणि आधार स्वतःजवळ राहू द्या, परवाना नाक्यावर लागतो आणि आधार हॉटेलात.

कोणती गाडी? एकटे असाल आणि नग्गर-सोलंगपर्यंतच जायचं असेल तर स्कूटर पुरते. दोघं असाल आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौल खोऱ्यात उतरायचं असेल तर ३५० सीसीच्या पुढची घ्या. आणि हेल्मेट दोघांनाही. दुकानातलं हेल्मेट बहुधा सैल असतं, म्हणून आपलं नाशिकहून न्या. रेल्वेत ते हातात धरून बसायला अवघड वाटतं खरं, पण डोकं आपलं आहे.

८. मुक्काम: मॉल रोड सोडून कुठेही

मॉल रोडवर गोंगाट आहे आणि गाडी लावायला जागा नाही. दोन गावं सुचवतो.

ओल्ड मनाली मनालसू नाल्याच्या पलीकडे आहे. पूल ओलांडला की चढावर दोन्ही बाजूंना कॅफे, हॉस्टेल, लोकरीची दुकानं. जगभरातली तरुण पोरं इथे महिना-महिना राहतात, इस्रायली तर इतकी की काही पाट्या हिब्रूत दिसतात आणि न्याहारीला शक्षुका, हुमुस मिळतं. पण कॅफेंची रांग संपल्यावर आणखी वर चढा. तिथे जुनं गाव सुरू होतं. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळईचा एक थर अशी रचलेली घरं, त्याला काठकुणी म्हणतात. खाली गुरं, वर माणसं, सज्जात मक्याची कणसं वाळत घातलेली. त्याच्याही वर मनूचं मंदिर. मुक्काम या वरच्या भागातल्या एखाद्या घरात घ्या. संगीत खालीच राहतं.

दुसरं वशिष्ठ, बियासच्या डाव्या तीरावर, उंचावर. हे मला जास्त आवडतं. रामाच्या गुरूंचं नाव असलेलं गाव आणि आपण पंचवटीचे, तेव्हा ओढा असायचाच. मंदिरातच गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत, पुरुषांना वेगळं, बायकांना वेगळं. पहाटे गर्दी नसते तेव्हा जा. पाणी इतकं कढत की आधी पाऊल, मग पोटरी, मग गुडघा असं हळूहळू उतरावं लागतं. आदल्या दिवशी गाडीवर आखडलेली पाठ पाच मिनिटांत सुटते. साबण लावू नका. बाहेर त्याच पाण्याच्या धारेखाली गावातल्या बायका कपडे धूत असतात, गप्पा रंगलेल्या असतात. त्यांचे फोटो न विचारता काढू नका.

खोली ऑनलाइन फक्त पहिल्या दोन रात्रींची घ्या. पुढची तिथे जाऊन, बघून, घासाघीस करून. आठवडाभर राहणार म्हटलं की भाव उतरतो. तीन गोष्टी विचारा: गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी, रात्री गाडी कुठे लावायची, आणि दुपारी खोलीत ऊन येतं का? तिसरा प्रश्न आपल्याला सुचत नाही. ऑक्टोबरमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

९. गाडी काढायचे दिवस

पहिला दिवस नग्गर. डाव्या तीराच्या रस्त्याने जा, वीसेक किलोमीटर, सफरचंदाच्या बागांमधून. हात बसायला याहून चांगला रस्ता नाही. नग्गरचा जुना राजवाडा काठकुणी बांधणीचाच आहे. थोडं वर निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराचं घर. १९२८ पासून तो इथे राहिला आणि १९४७ मध्ये इथेच गेला. त्याचे हिमालयाचे निळे-जांभळे रंग बघून बाहेर आलात की समोरचे डोंगर नीट दिसायला लागतात.

दुसरा मोठा दिवस लाहौल. सोलंगच्या पुढे अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की लाहौल जवळजवळ सहा महिने तुटायचं. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढा, दिवा लावा, आत थांबू नका, पुढच्या गाडीला ओलांडू नका. कॅमेरे आहेत. बाहेर पडलात की देश बदलल्यासारखा वाटतो: इगतपुरीचं हिरवं ओलं मागे टाकून सिन्नर-येवल्याच्या कोरड्या माळावर यावं तसं, आणि कारणही तेच, डोंगराने अडवलेला पाऊस. सिस्सूला धबधबा समोर ठेवून चहा घ्या. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात, तीच पुढे चिनाब होते. केलाँगला जेवून परत फिरा. दुपारी तीननंतर वारा बोचरा होतो, तेव्हा उजेडातच बोगदा मागे टाकायचा.

रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे. त्यासाठी कुल्लू प्रशासनाची ऑनलाइन परवानगी लागते, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि मंगळवारी पर्यटकांसाठी रस्ता बंद असतो. भाड्याची गाडी असेल तर परवानगीचं दुकानदाराला आधीच विचारा.

लेहचा मोह इथेच कुठेतरी होतो. समोर पाटी असते, रस्ता जात असतो. पण तो वेगळा प्रवास आहे, वाटेतली बारालाचा खिंड ४,८९० मीटरवर, त्यासाठी शरीराला दिवस द्यावे लागतात. शिवाय मनालीची भाड्याची गाडी घेऊन लेहला गेलात तरी पँगाँग-नुब्राला ती फिरवू देत नाहीत, तिथल्या स्थानिक गाड्यांचा तो हक्क आहे. आणि आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. हिमाचलात चालतं.

सूचना एकच, सगळ्या दिवसांसाठी: चढणाऱ्या गाडीला वाट द्या आणि वळणाआधी हॉर्न वाजवा. फटाके वाजवणारा सायलेन्सर असेल तर नाशिकलाच बदला, तिथे पोलीस दंड करतात आणि गावकऱ्यांना त्याचा फार त्रास होतो.

१०. गाडी न काढायचे दिवस

हे दिवस नियोजनात लिहून ठेवा, नाहीतर तेही पॉइंट बघण्यात जातात. उशिरा उठा. न्याहारीला सिड्डू मागा. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप ओततात. तो करायला वेळ लागतो, घाई करू नका. वशिष्ठहून जोगिनी धबधब्यापर्यंत पायवाट आहे, बागांमधून आणि पाइनच्या झाडांतून. तीही सावकाश चाला. ढुंगरीच्या देवदारांत हिडिंबेचं मंदिर आहे, १५५३ सालचं, चार छपरांचं. दुपारी तिथे झुंबड असते, सकाळी सातला कुणी नसतं.

बाकी वेळ वाचा, लिहा, पत्ते खेळा, शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोला. इंग्रजी येत नाही म्हणून आपली पोरं गप्प बसतात, त्याचं मला वाईट वाटतं. समोरचा स्पेनचा किंवा इस्रायलचा असतो, इंग्रजी त्याचीही मातृभाषा नसते.

एक इशारा स्पष्ट शब्दांत. या गावांमध्ये चरस विकायला येणारे भेटतील. घेऊ नका, सोबत बाळगू नका, कुणाची पिशवी दुसऱ्या गावात पोचवायचं कबूल करू नका. नाक्यांवर दुचाक्यांची झडती होते आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली साध्या दंडावर सुटका होत नाही.

११. परतीचा हिशोब

परतीच्या रेल्वेआधी दिल्लीत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मंडीजवळ दरड आली तर बस आठ तास उशिरा पोचते आणि तुमचं तिकीट वाया जातं. भाड्याची गाडी आदल्या संध्याकाळी परत करा, तोच व्हिडिओ उघडून, आणि अनामत व ओळखपत्र हातात पडल्याशिवाय दुकानातून हलू नका.

स्वतःची गाडी रेल्वेने परत पाठवत असाल तर दिल्लीहून नाशिक रोडसाठी बुक करतानाच विचारून घ्या की ती नाशिक रोडलाच उतरवणार की मनमाडला. उचलायला गेलात की आधी सगळं गोणपाट सोडा, टाकी, हेडलाइट, लेव्हर बघा, मग सही करा. आणि तिथून घरी नेण्याआधी सरळ गॅरेजला टाका: एअर फिल्टर, चेन, ब्रेक पॅड. डोंगरातली धूळ फिल्टरमध्ये बसलेली असते आणि उतारांनी पॅड खाल्लेले असतात.